टपल्याला श्रद्धांजली

ज्याला तिने परवाच श्रद्धांजली वाहिली होती, तो चष्म्याच्या दुकानाचं काचेचं दार ढकलून आत आला आणि पायपुसण्याला अडखळला.

बाहेर सकाळपासून रिपरिप लागलेली. रस्ता, माणसं, समोरच्या औषधाच्या दुकानाचं शटर, सगळं एकाच मळक्या रंगाचं झालं होतं. त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. मेलेल्या माणसाच्या मानाने तो फारच ओला होता.

"डोळे तपासून मिळतील का?" त्याने विचारलं. पण तिला नाही, तिच्या शेजारच्या पुठ्ठ्याच्या बाईला. गॉगल लावून, कमरेवर हात ठेवून हसणारी ती बाई फ्रेमवाल्या कंपनीने जाहिरातीसाठी पाठवली होती आणि तेव्हापासून कोपऱ्यात तशीच हसत उभी होती.

"ती बोलत नाही," ती म्हणाली. "मी इकडे आहे."

"माफ करा हं. चष्मा हरवलाय. हॉस्पिटलच्या धावपळीत... कुठंतरी राहिला."

चेहऱ्यावरून तिने त्याला ओळखलं नाही. तो दार नीट लावायला वळला, तेव्हा मानेवरून ओळखलं. शाळेत ती त्याच मानेमागे बसायची. बारीक मान, बाहेर आलेले कान, कॉलरच्या जरा वर एक तीळ. त्या मानेवर अख्ख्या वर्गाने येता-जाता टपल्या मारल्या होत्या, म्हणून त्याचं नावच पडलं टपल्या. खरं नाव फक्त हजेरीपुरतं.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. मग परवा ग्रुपवर जे झालं, ते काय होतं?

झालं होतं ते असं. दहावीच्या वर्गाचा एक ग्रुप होता, जसा सगळ्यांचाच असतो. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी शिळे विनोद, आणि मध्येच कुणीतरी 'ते सोनेरी दिवस' म्हणून उसासा सोडायचं. डोंबलाचे सोनेरी! ज्यांनी तेव्हा एकमेकांचे डबे पळवले, चपला छपरावर फेकल्या, तेच आता गळ्यात गळे घालून आठवणी काढत होते. ग्रुप चालवायचा मॉनिटर. शाळेत तो मॉनिटर होता आणि अजूनही स्वतःला मॉनिटरच समजत होता. वाढदिवस असो की मरण, कार्ड तोच बनवायचा. मरणाचं कार्ड ठरलेलं – मागे काळा पडदा, कोपऱ्यात मेणबत्ती, मधोमध शाळेच्या निरोपाच्या फोटोतून कापून काढलेलं डोकं. परवा त्या मेणबत्तीशेजारी टपल्याचं डोकं आलं. 'आपला लाडका मित्र अपघातात गेला.'

मग काय! 'वर्गाची शान गेली.' 'हिरा होता, हिरा.' ज्याने टपल्याची वही गटारात बुडवली होती, त्याने लिहिलं, 'माझा सख्खा भाऊच गेला.' तिचं डोकं सणकलं. बिचारा गेला तो गेला, निदान एक तरी खरी ओळ त्याच्या वाट्याला यावी. जी बाई ग्रुपवर कधी 'हॅपी बर्थडे'च्या पुढे गेली नव्हती, तिने बसून लिहिलं –

'खोटं बोलू नका. आपण सगळ्यांनी त्याला छळलंय. त्याला फळ्यावरचं दिसायचं नाही आणि मास्तर त्याला ढ म्हणायचे. मी मागच्या बाकावरून फळा हळूच वाचायचे, स्वतःसाठी वाचतेय असं दाखवून. तो ऐकून उतरवायचा. त्याने कधी मागे वळून पाहिलं नाही. मला तो फार आवडायचा. सांगायचं राहून गेलं.'

तिला वाटलं, आता लोक फाडून खातील. कसलं काय! लाल बदामांचा नुसता सडा पडला. 'किती हळवी आहे आपली चिमणी!' चिमणी हे तिचं शाळेतलं नाव, आवाज बारीक म्हणून. मॉनिटरनेसुद्धा जोडलेले हात टाकले. आणि मॉनिटरच्याच आतेभावाशी चिमणीचं लग्न जवळजवळ ठरलेलं होतं; रविवारी फक्त होकार कळवायचा बाकी होता. त्या नवरदेवाचीही काही कुरकुर नाही. मेलेल्या माणसावर प्रेम केलेलं चालतं. उलट बाईला ते शोभून दिसतं म्हणतात. जिवंत माणसावर केलं की चौकशी लागते.

आणि आता तो जिवंत माणूस तिच्या तपासणीच्या खुर्चीत बसला होता.

तिने आतल्या खोलीतला दिवा मंद केला. तपासणीची जड, गोल फ्रेम त्याच्या नाकावर चढवली. दांड्या कानांमागे अडकवल्या... त्याने डोळे मिटून घेतले.

"मिटू नका. समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा."

"कुठली पाटी?"

"भिंतीवरची."

"भिंत कुठंय?"

नको नको म्हणताना तिला हसू फुटलं. तिने एक काच बसवली, काढली, दुसरी बसवली.

"ही बरी... की ही?"

"आधीची."

"आता?"

"आता तुझा आवाज ओळखू येतोय."

तिच्या हातातली काच ट्रेमध्ये पडली. फुटली नाही, पण आवाज मोठा झाला.

"तू... वाचलंस ते?"

"मी ग्रुपमध्येच आहे, चिमणे. मॉनिटरने कधीचं घालून ठेवलंय. मेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपात आहे, तो बसून सगळे मेसेज वाचतोय, हे एकालाही बघावंसं वाटलं नाही. चष्मा नव्हता, म्हणून फोन नाकाला लावून वाचलं. वास घेतल्यासारखं."

"आणि इथे?"

"तुझ्या डीपीत दुकानाची पाटी दिसते. बस धरली, आलो. आत आल्यावर धीर झाला नाही, म्हणून म्हटलं – डोळे तपासा."

तिला आता राग आला. भीती ओसरली की माणसाला राग येतोच.

"अरे, मग एक ओळ टाकायची नाहीस? मेलो नाही म्हणून! माणसं रडली इथे."

"कोण रडलं?"

ती म्हणाली, "मी."



"अपघात झाला, ते खरंय," तो म्हणाला. "दादा गेला. दुधाचा टँकर चालवायचा तो. वळणावर उलटला. दवाखान्यात दोन दिवस होता... मग नाही."

दादा! ती मटकन स्टुलावर बसली. दादा म्हणजे ह्याचा मोठा भाऊ. एका इयत्तेत नापास झाला आणि धाकट्याच्याच वर्गात येऊन बसला. वर्षाने मोठा म्हणून अख्खा वर्ग त्याला दादाच म्हणायचा. तेच कान, तीच हनुवटी. निरोपाच्या फोटोत दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते. मॉनिटरने आडनाव ऐकलं, फोटो उघडला आणि शेजारचं डोकं कापलं. आणि ज्यांनी रोज त्या मानेवर हात चालवला होता, त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की दोघांतला नेमका कोण गेला.

तिलासुद्धा विचारावंसं वाटलं नव्हतं. ते तिला बोचलं.

"आधी मला राग आला," तो सांगत होता. "लिहायलाही घेतलं, की गाढवांनो, मी आहे. मग थांबलो. कारण बघ... घरातून दादा गेला. टँकरच्या डेपोतूनही गेला. आईने त्याचे शर्टसुद्धा वाटून टाकले. एक तुमचा ग्रुप उरला होता, जिथे दादा अजून होता. तिथे मी गेलेलो, तो होता. म्हटलं, राहू दे की. थोडे दिवस राहू दे त्याला."

तिने त्याच्या नाकावरची फ्रेम उगीचच सरळ केली.

"पण आई रोज विचारते, दादाच्या शाळेतलं कुणी काही म्हणालं का रे? काय सांगू? माझ्यावर हिऱ्यामाणकांचा ढीग पडलाय आणि त्याच्यासाठी कुणाचं साधं 'अरेरे' नाही. म्हणून आता मला जिवंत व्हायचंय." तो अडखळला. "फक्त... मी जिवंत झालो की तू लिहिलंस ते जिवंत माणसाला लिहिलेलं होईल. सगळ्यांदेखत. तुझं लग्न ठरतंय, मॉनिटर मागे एकदा म्हणाला होता. तू नको म्हणालीस तर मी मेलेलाच राहतो. आईला काहीतरी सांगेन."

"म्हणजे जिवंत व्हायला तू माझी परवानगी मागायला आलास?"

"हो."

"वेडा आहेस का रे?"

"ढ आहे. मास्तरच सांगून गेलेत."

ती हसली नाही. तिला रविवार दिसत होता. भावाच्या घरातली तिची खोली दिसत होती, खोली कसली, इस्त्रीचं टेबल आणि भाच्याची खेळणी यांच्यामध्ये उरलेली जागा. 'पदरात पडतंय ते घ्या वन्सं, वय काही थांबत नाही,' हे वहिनीचं रोजचं पालुपद. आतेभाऊ वाईट नव्हता. भेटला तेव्हा त्याने तिला विचारलं होतं, नोकरी सोडणार ना? उत्तराची वाट न बघता पुढचं बोलायला लागला होता. एवढंच. एवढ्यावर कुणी नाही म्हणत नाही. पण एवढ्यावर हो तरी का म्हणायचं?

"एक विचारू?" ती म्हणाली. "शाळेत... मी तुला आवडायचे?"

"खरं सांगू की खोटं?"

"खोट्याचा ढीग पडलाय तिकडे."

"मग, नाही. मी तुला कधी पाहिलंच नव्हतं. मागे वळलं की टपली बसायची, म्हणून वळायचोच नाही. वाटायचं, मागे कुणीतरी बडबडी आहे, तिला वाचत बसायची सवय आहे, आपलं नशीब. परवा कळलं की ते माझ्यासाठी होतं. भाऊ गेल्याच्या आठवड्यात माणसाला असलं काही कळावं? रडू की हसू, तेच समजेना. दोन्ही केलं."

लागलं तिला. खरं बोलणं मागितलं की ते लागतंच. पण लागूनही कुठंतरी निवल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत तिच्याशी कुणी असं सरळ बोललं नव्हतं.

तिने ट्रेमधली काच उचलली, पुसली आणि खाचेत बसवली. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर होता, वीतभर अंतरावर.

"आता?"

"आता दिसतेयस."

"कशी?"

"दमलेली." तो बघत राहिला. "आणि... थांब, दुसरी काच घालून बघ."

तिने घातली.

"नाही. आधीची बरोबर होती. सुंदरच आहेस."

"गिऱ्हाइकं असं बोलायला लागली तर दुकान चालायचं नाही हं," ती म्हणाली आणि पाठ फिरवली, कारण कानशिलं तापली होती. मग तिने टेबलावरचा फोन उचलला.

"काय करतेयस?"

"मारलं आम्ही. जिवंतही आम्हीच करायला पाहिजे."

तिने लिहिलं – 'टपल्या जिवंत आहे. गेला तो दादा. मॉनिटरने डोकं चुकीचं कापलं आणि आपण सगळ्यांनी न बघता हार घातले, मीसुद्धा. टपल्या आत्ता माझ्या दुकानात बसलाय. मी त्याच्याबद्दल लिहिलेलं मागे घेत नाही. दादाबद्दल कुणाला खरं काही आठवत असेल तर लिहा, नसेल तर गप्प बसा. त्याची आई वाचणार आहे.'

आणि बोट दाबलं.

ग्रुप गप्प. कुणीतरी लिहितंय असं दिसायचं आणि विझायचं. दुसरं कुणी लिहायला लागायचं... तेही विझायचं. कार्ड नव्हतं ना तयार! बदाम टाकावा की हात जोडावेत, कुणाला सुचेना.

पहिला आवाज मॉनिटरचा, तोही खाजगीत. 'ते प्रेमाबिमाचं आधी काढ. मी आतेभावाला काय सांगू?'

'वाचून दाखव,' तिने लिहिलं.

मग वहिनीचा फोन. बातमी किती वेगाने पळते! तिने उचलला.

"काय करून बसलात हो, वन्सं? ते लोक आत्ताच म्हणतायत, विचार करावा लागेल म्हणून. जग काय म्हणेल?"

"जग दोन दिवस टाळ्या वाजवत होतं, वहिनी. तेव्हा तो मेला होता ना."

"घरी या, मग बोलू!"

"येते. दुकान बंद करून येते." तिने फोन ठेवला. घरी काय वाढून ठेवलंय ते तिला ठाऊक होतं. आज, उद्या, आणि पुढचे कितीतरी दिवस.

तो तिच्याकडे बघत होता. "माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही. गप बस."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं. लिहिणारा तोच, वही गटारात बुडवणारा. तपासणीची ती जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून त्याने वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते.

'प्रयोगशाळेची खिडकी मी फोडली होती. मास्तर विचारायला लागले तेव्हा दादा पुढे झाला, म्हणाला मी फोडली. मार खाल्ला. नंतर मी विचारलं का, तर म्हणाला, माझं आधीच एक वर्ष गेलंय, आता अजून काय जाणार. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही. दादा, मला माफ कर.'

त्याखाली दुसरं आलं. 'पाय मोडला होता तेव्हा मला सायकलवरून घरी सोडायचा. वाटेत भसाड्या आवाजात गायचा. उतरून लंगडत जावंसं वाटायचं.' मग तिसरं. त्यात नुसतं 'दादा रे' एवढंच होतं.

तो वाचत राहिला. मध्येच एकदा हसला, त्या भसाड्या आवाजावर. मग त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला. जाड काचांमागे डोळे भरून आले होते आणि फ्रेममुळे ते पुसताही येत नव्हते.

"आता गेला," तो म्हणाला. "आता दादा खरंच गेला."

तिने अलगद त्याच्या नाकावरची फ्रेम उतरवली, स्टूल जवळ ओढलं आणि त्याचा ओला, गार हात आपल्या हातात घेतला. त्याने तो घट्ट धरला. पडणारा माणूस धरतो तसा.

बाहेर दार वाजलं. कुणीतरी छत्री झटकत आत आलं आणि आतल्या खोलीत डोकावलं.

"चष्म्याची दांडी जरा आवळून मिळेल का हो?"

"बसा," ती म्हणाली. हात सोडला नाही. "वेळ लागेल."