एकाचे दोन झाल्यावरची बेरीज

दारव्ह्याच्या जीपमध्ये विजयमाला चढली, तेव्हा बाकावर टेकायलाही जागा नव्हती. कोपऱ्यातला पोरगा इतका सरकला, की अर्धा बाहेर लोंबला. हिनं आभारबिभार काही मानले नाहीत. मांडीवर रसायनाचं गणित उघडलं... तर तो वाकून पाहतो काय!

"बेरीज चुकली," तो हळूच म्हणाला.

"तुमाले कोनं इचारलं?"

त्याचं नाव धम्मरत्न. दारव्ह्यात बारावीच्या पोरांना शिकवायचा. नाकावर माशी बसू न देणारी ही पोरगी आठवड्याच्या आत त्याच्याच शिकवणीला जाऊन बसली. घरी तरी जागा कुठं होती? बाप खेमसिंगनं चढ्या भावाची वाट पाहत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. थांबलं की किंमत वाढते, एवढंच ती घरात शिकली.

गणित असं – बंद भांड्यात एक वायू. अर्धा मोडला, आणि मोडलेल्या प्रत्येक कणाचे दोन झाले, तांबूस, नवे. एकूणात ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढा त्याचा दाब. विजयमाला हटकून सुरुवातीच्या एकानंच भागायची.

"एकाचे दोन झाले, तर एकूण एकच कसं राहीन?" तो हसायचा. "अर्धा उरला, एक नवा झाला... दीड ना?"

"मंग तुमीच मांडा." ती खडू पुढं करायची. बोटाला बोट लागायचं – अन् दोघंही खिडकीबाहेर पाहायची.

कापसाची वेचणी सरली, तेव्हा त्यानं विचारलं. त्याच्या मामानं त्याच्यासाठी स्थळ आणलं होतं. "थांबवू का त्यायले, विजू? तू हो म्हण, मी तुह्या बाबाले भेटतो."

हो जिभेवरच होतं. पण एकदा विचारल्यावर लगेच हो म्हणणं तिला हलकं वाटलं. आणखी विचारील, आर्जवं करील...

"पेपर होऊ द्या," ती म्हणाली. "मंग पाहू."

तो बोटांवरचा खडू पुसत राहिला. "तू मले अजून त्या जीपमधलाच धरून राह्यली," एवढंच बोलला.

बदलली तर तीही होती. अक्कल असती, तर तिथंच सांगितलं असतं.

पेपरात तिनं दीडनं भागलं. दुसऱ्याच दिवशी नवी ओढणी घेऊन ती त्याच्या घरी गेली. दार त्याच्या आईनं, नलूबाईनं उघडलं. तो साखरपुड्याचे कपडे घ्यायला यवतमाळला गेला होता. नलूबाईनं चहा दिला, आणि सांगत राहिली – विजयमालाचं नाव घरात कसं रोज निघायचं, नकार आला तेव्हा पोरगा धड जेवलाही नाही.

"नकार नव्हता दिला मी, मावशी." विजयमाला कपाकडे पाहत होती. "हो म्हनायलेच आली होती."

नलूबाईनं आपली बशी खाली ठेवली.

"आता मले सांगून काय करतं, बाई," ती म्हणाली. "तिकडं त्या पोरीच्या घरी लग्नाच्या शेवया करून राह्यले."