दोन मिनिटांचं काम

प्रज्ञेशची हिंगोलीची जीप चुकली, म्हणून तो सेनगावातल्याच टायपिंग सेंटरमध्ये शिरला. एरवी त्यानं तिथली पायरी चढायची काहीच शक्यता नव्हती.

सेंटर शिलाताईंचं, पण चालायचं दीक्षाच्या बोटांवर. अर्ज सांगणारा माणूस अडखळायचा आणि ही "पुढं बोला, काका" म्हणत त्याची वाट बघत बसायची. तिला आपल्या वेगाचा गर्व होता... आणि का नसावा!

प्रज्ञेश हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपनीचा सचिव. एकशे चाळीस सभासदांना दर महिन्याच्या सभेची पत्रं द्यायची होती. मजकूर तोच, फक्त नाव आणि गाव वेगळं. दीक्षा एक नाव खोडायची, दुसरं टाकायची, प्रिंट द्यायची. तो मागे उभा राहून बघत होता. दहाव्या पत्राला त्याला राहवलं नाही.

"मॅडम, राग येणार नसंल तर एक सांगू?"

"सांगा. आला राग तर मंग बघू."

तो शेजारच्या खुर्चीवर बसला. त्यानं नावांची यादी एका फायलीत घातली, पत्र दुसऱ्या फायलीत ठेवलं आणि दोन्ही जोडून सगळी पत्रं एका दमात काढणारा एक मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, बनवला. "आता यादी उघडायची अन् कंट्रोल, शिफ्ट, एम ही तीन बटणं दाबायची. नावं आपापल्या जागी जाऊन बसतेत."

तिनं दाबली. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना.

"मंग आमी काय करायचं? बोटं मोडत बसायचं?"

"चहा प्यायचा," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. दीक्षानं ती पाहिली, आणि पाहिलीच नाही असं दाखवायला उगाच स्टेपलर उघडून बंद केला.

पुढच्या महिन्यात तो आला. तीन बटणं, पत्रांचा गठ्ठा, "येतो मॅडम"... आणि गेलासुद्धा! चहा सांगायचीही फुरसत मिळाली नाही. दीक्षा दिवसभर त्या बटणांवर चिडून होती.

तिसऱ्या महिन्यात तिनं मान वर न करताच सांगून टाकलं, "तुमचं ते बटण चालंना झालंय. हातानंच करावं लागंल. टाइम लागंल जरा."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं... बसतो मी."

तेव्हापासून दर महिन्याला तो दोन तास बसू लागला. बाकी साऱ्या जगाची कामं दीक्षा झटक्यात उरकायची, या एका गिऱ्हाइकाची पत्रं मात्र एकेक करून हातानं. गाव समोर लिहिलेलं असायचं, तरी ती विचारायची, "हे काय लिहिलंय हो?" तो खुर्ची जवळ ओढून वाचून दाखवायचा. हळदीचा हंगाम लागला तसा त्याच्या शर्टाला शिजत्या हळदीचा वास यायला लागला, आणि दीक्षाला घरी फोडणी देतानाही तो आठवायचा. प्रेमात पडलेल्या माणसाचं असंच असतं, त्याला स्वयंपाकघरातही सुटका नाही.

मार्चमधल्या एका सोमवारी तो आला आणि खुर्ची जवळ न ओढताच बसला.

"पुढल्या महिन्यापासून... कंपनीचा सोताचा कॉम्प्युटर यायलाय. प्रिंटर पण."

"बरंच झालं की," दीक्षा म्हणाली. आणि तिचं बोट, कधी नव्हे ते, चुकीच्या अक्षरावर पडलं.

सत्तर नावं उरली होती. सत्तर नावं संपली की हा माणूस उठणार, आणि परत यायचं त्याला कारण नाही. ती इतकी सावकाश टाइप करू लागली, की पहिल्या दिवशीची शिकाऊ पोरगीही तिच्यापुढे गेली असती.

तेवढ्यात शिलाताई बँकेतून आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, हे काय करून राहिली? सकाळीच तीनशे नोटिसा त्या बटणावर काढल्या न्हाई का तू?" त्यांनी वाकून यादी उघडली आणि तीन बटणं दाबली. "घ्या भाऊ. दोन मिनिटांचं काम हाय." आणि त्या चहा सांगायला बाहेर गेल्या.

प्रिंटर धडाधड पत्रं टाकू लागला. दीक्षाचे कान तापले.

"तुमाला वाटंल, मी मुद्दाम..."

"मला काय वाटायचंय? मॅक्रो मीच बनवलाय. त्यात बिघडण्यासारखं काय न्हाई, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"बोललो असतो तर दोन मिनिटांत उठावं लागलं असतं. मला उठायचंच नव्हतं, दीक्षा."

तिचं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं. गठ्ठा वाढत होता... आता थोडीच पत्रं राहिली होती. दीक्षानं एकदाची मान वर केली.

"तुमचं यायचं बंद झालं तर मला करमायचं न्हाई."

त्याच्या गालाला खळी पडली. "मंग कामाबिगर येतो. रविवारी, आईला घेऊन. तुमच्या घरी... तुमच्या बाबांशी बोलायला. चालंल?"

शेवटचं पत्र पडलं आणि प्रिंटर थांबला.

"रविवारी?" महिनोन्‌महिने दोन मिनिटांच्या कामाला दोन तास लावणारी दीक्षा म्हणाली, "एवढा उशीर कशाला? उद्याच या की. बाबा घरीच असतेत."