पिना बदलल्या, कुलूप तेच

"जोर लावू नका, तुटेल."

हे कुलूपवाला आमच्याकडे पाठ फिरवूनच बोलला. समोर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांच्या दाराशी गुडघे टेकून कडी बसवत होता. माझी धाकटी लेक आमच्या दाराशी किल्ली घेऊन झटापट करत होती, आणि मी मागे भाजीची पिशवी धरून ताटकळत होते. नुसत्या आवाजावरून ओळखलं म्हणे त्यानं.

"तुम्ही तुमचं दार बघा," धाकटी म्हणाली आणि लावला जोर.

किल्ली तुटली. अर्धी हातात, अर्धी कुलपात.

तो वळला, पण हसला नाही. माझा थोरला असता तर जिना दणाणला असता. यानं फक्त खिशातून चिमटा काढला. "आता बघू का तुमचं दार?" धाकटी बाजूला सरकली. कान लाल झाले होते तिचे. रागानं, असं ती आजही सांगते.

तुकडा निघाल्यावर मी त्याला म्हटलं, आख्खं कुलूपच नवं बसव, चांगलं जाडजूड. तर हा म्हणतो, कुलूप धडधाकट आहे मावशी, कशाला बदलता. मी मनात म्हटलं, स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडणारा माणूस एकतर वेडा, नाहीतर पोरगी बघून विरघळलेला. मग त्यानं समजावून सांगितलं. कुलूप झिजलं असेल तर नवं घ्यावं. पण कुलूप चांगलं आणि किल्ली नको त्या हातात असेल, तर नुसत्या आतल्या पिना बदलायच्या. बाहेरून दार तसंच दिसतं, जुनी किल्ली मात्र फिरत नाही.

"दुसरी किल्ली कुणाकडे आहे?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. धाकटीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं, आणि मी सहसा मिटत नाही.

"आहे... एकाकडे," ती म्हणाली. "तशीच अजून एक करून द्या. बाकी काही नको."

तो 'एक' म्हणजे माझा जावई. आता माजी. कोर्टानं दोघांना मोकळं करून वर्ष उलटलं होतं. घर धाकटीचं, तिच्या पगारातलं. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते ती. पण त्यानं किल्ली काही परत केली नाही. ती कामावर असताना यायचा, काहीबाही उचलून न्यायचा, चहा करून प्यायचा आणि उष्टा कप तसाच ठेवून जायचा. आणि ही तो कप विसळून ठेवायची! म्हणून तर मी माझं घर थोरल्या सुनेवर सोपवून इथे मुक्काम ठोकला. धाकटीला भीती वाटायची, पिना बदलल्या की तो कधीच परत यायचा नाही. मला वाटायचं, त्या बदलल्याशिवाय माझी पोरगी काही माणसात यायची नाही.

कुलूपवाला मात्र आला. न बोलावता. एकदा तेल घालायला, एकदा स्क्रू सैल झालाय का बघायला, मग पुन्हा तेल घालायला. मी म्हटलं, बाबा रे, अजून तेल घातलंस तर दार घसरून रस्त्यावर जाईल. धाकटी हसली. किती दिवसांनी हसली, मलाही आठवेना. म्हणून मग मी त्याला चहा विचारला.

एकदा तो किल्ली हात लांब करून निरखत होता. धाकटी म्हणाली, "नंबर लागलाय तुम्हाला."

"मला सगळं दिसतं."

"काय दिसतं?"

"लांबचं छान दिसतं. जवळचं जरा — धूसर होतं. आत्तासुद्धा होतंय..."

मी स्वयंपाकघरात डबा आपटला. चार दिवसांत स्वारी तिच्याच दुकानातला चष्मा लावून आली. डोळे तपासायला बराच वेळ लागला, असं धाकटीनं भिंतीकडे बघत मला सांगितलं.

मग एका दुपारी मी दिवाणावर लवंडले होते. डोळे उघडले तर माजी जावई समोर. मला विचारतो, "तुम्ही अजून इथेच?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी धाकटीला सगळं सांगितलं. त्याचा उष्टा कप हातात घेऊन ती उभी राहिली. या वेळी विसळला नाही. फोन उचलला आणि म्हणाली, पिना बदलायच्या आहेत.

सुट्टीच्या दिवशी कुलूपवाला आला. रुमालावर पिना मांडल्या, तांदळाच्या कणीएवढ्या. धाकटी बॅटरी धरून बसली होती, आणि उजेड पिनांवर कमी, त्याच्या बोटांवर जास्त पडत होता.

"एवढंच असतं?" तिनं विचारलं.

"एवढंच. वेळ लागतो तो ठरवायला."

आता, नवी किल्ली आधी दार उघडं ठेवून फिरवून बघायची, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. पण याला दाखवायची हौस. दार बाहेरून कसं तस्संच दिसतं ते बघा म्हणून आम्हाला जिन्यात बोलावलं आणि बोलता बोलता दार ओढून घेतलं. लॅचचं कुलूप, ओढलं की लागतं. नव्या किल्ल्या आत, त्याची हत्यारं आत. धाकटीच्या हातात जुनी किल्ली, त्याच्याच कृपेनं निकामी झालेली. मी त्याची जी आरती सुरू केली... धाकटी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

तेवढ्यात माजी जावई जिना चढून आला.

"सरका, माझ्याकडे आहे किल्ली," घरमालकाच्या थाटात म्हणाला. घातली. फिरेना. काढली, पुसली, पुन्हा घातली. कुलूपवाल्यानं सवयीनं सल्ला द्यायला तोंड उघडलं, तसा मी त्याच्या पायावर पाय दिला.

धाकटीचं हसू थांबलं होतं. "ती लागणार नाही. मी बदललंय."

"मला न विचारता?"

"हो." तिनं हात पुढे केला. "दे ती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. किल्ली तिच्या हातावर टाकली आणि गेला. पावलं खालपर्यंत ऐकू आली. धाकटी किल्ली मुठीत धरून पायरीवरच बसली. कुलूपवाला एक पायरी उतरून आडवा उभा राहिला, जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा चेहरा दिसू नये म्हणून. मी तेव्हाच त्याला पास केलं. बोलले मात्र नाही, लगेच चढून बसतात.

त्याच्या दुकानात दुसरी हत्यारं होती. आणायला दोघं गेली. दुकान हाकेच्या अंतरावर, पण तेवढ्यात समोरच्या डॉक्टरीणबाईंनी माझे सगळे दात तपासून टाकले.

दार उघडलं. त्यानं सगळ्या नव्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. तिनं एक वेगळी काढून पुढे केली.

"ही तुम्ही ठेवा."

"आमच्यात गिऱ्हाइकाची किल्ली ठेवत नाहीत."

"मी गिऱ्हाईक म्हणून देत नाहीये."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग तर नकोच. न विचारता येणारे खूप झाले तुझ्याकडे. मी बेल वाजवीन. वाटलं तर उघड... नाही वाटलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवीन."

'तुझ्याकडे' म्हणाला. मी खुर्चीत होते, झोपले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मी दाराला लागूनच बसले होते, हात लांब केला असता तर उघडलं असतं. पण माझा गुडघा नेमका तेव्हाच धरला. धाकटी आतून धावत आली, केस ओले, एका पायात चप्पल.

"आई, उघडलं का नाहीस?"

"दार तुझं आहे," मी म्हटलं.

लॅचवर हात ठेवून ती क्षणभर थांबली. पलीकडे तो घसा साफ करत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओले केस कानामागे सारले — आणि उघडलं.