दोन आंधळ्यांची साक्ष

"माझ्या भाचीवर चोरीचा आळ आला असता तरी मी इतकी हादरले नसते," खुर्चीत बसता बसता भाषांतरकार बाई म्हणाल्या. "तिच्यावर पवित्र शास्त्रात ढवळाढवळ केल्याचा आळ आलाय!"

भावोजींचा चहा थेट बशीत सांडला. मेव्हणीच्या कचेरीत बसून ते सकाळपासून शब्दकोडं सोडवत होते. मेव्हणी खासगी गुप्तहेर. सगळे तिला मुंगूसबाई म्हणत, कारण एकदा बिळात शिरली की ती सापाला घेऊनच बाहेर यायची. निवृत्त झाल्यापासून भावोजी तिला मदत करत. निदान त्यांचा तसा समज होता.

"सुरुवातीपासून सांगा," मुंगूसबाई म्हणाली.

बाईंनी अर्धं आयुष्य घालवून शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, ग्रीकमधून मराठीत आणली होती. भांडण एका क्रियापदाचं होतं. स्प्लांखनिझोमाइ.

"स्प्लां... स्प्लाख..." भावोजी अडखळले.

"राहू द्या भावोजी, कवळी पडेल."

बाईंना हसू आलं नाही. "त्याच्या मुळाशी आतडी आहेत. शुभवर्तमानांत तो शब्द ऊठसूट कुणालाही लावलेला नाही. येशूला लावलाय, नाहीतर त्याने सांगितलेल्या गोष्टींतल्या माणसांना. जखमी माणसापाशी थांबणारा वाटसरू, चाकराला माफ करणारा राजा, घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणारा बाप. जुन्या भाषांतरात या सगळ्यांना नुसती गुळमुळीत 'दया आली'. मी लिहिलं, 'आतडं पिळवटलं'. आपल्या भाषेत तयार होतं की हो! भाषांतर समितीशी भांडून मंजूर करून घेतलं. परवाच्या प्रतीतही तेच होतं. आणि आज छापखान्यातून शेवटची प्रत वाचायला आली, तर पुन्हा 'दया आली'!"

"आणि भाची?"

"अक्षरजुळणी तिची. छापखान्याचे मालक म्हणतात, तिने घाईत संगणकावर एका फटक्यात शब्द बदलून टाकला. कामावरून काढलंय तिला. उद्या समितीपुढे तिचं नाव जाणार. मग या कामात तिला कोण उभं करील? पोरीला आईबाप नाहीत, मुंगूसबाई. मीच वाढवलंय तिला."

मुंगूसबाईने प्रत त्यांच्यापुढे सरकवली. "एकही जागा सुटली नाही?"

बाई पानं उलटू लागल्या. "येशूला ओळखत नाही म्हणणारा शिष्य कोंबडा आरवल्यावर रडतो, तिथे 'आतडं पिळवटून रडला' तसंच राहिलंय. तिथे मुळात हे क्रियापद नाही, ती भर माझी. आणि... अगं बाई! दोन आंधळ्यांच्या गोष्टीतही 'दया आली'! तिथे मी 'येशूच्या पोटात कालवलं' लिहिलं होतं. आत्ता कुठे लक्षात आलं माझ्या."

"जुन्या भाषांतरात तिथे काय आहे?"

"काहीच नाही. तो शब्दच गाळलाय."

मुंगूसबाईने चप्पल पायात सरकवली. भावोजींना ही घाई ओळखीची होती.

छापखान्यात शाईचा वास भरून राहिला होता. संगणक होता त्या कचेरीला कुलूप असे, आणि किल्ल्या तिघांकडे होत्या: भाची, मालक आणि समितीचे अध्यक्ष पाद्रीबाबा. भाषांतरकार बाईंकडे किल्ली नव्हती.

सामान आवरायला आलेल्या भाचीचे डोळे सुजले होते. "मी कशाला बदलीन? बापाची गोष्ट जुळवताना मीच रडले होते."

"ग्रीक येतं?"

"अक्षरंसुद्धा ओळखता येत नाहीत."

प्रकार कळताच छापखान्यात आलेले पाद्रीबाबा आरामखुर्चीत बसले होते. शस्त्रक्रियेमुळे गेला आठवडाभर दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. "मी आयुष्यभर ग्रीक शिकवलं," ते गुरगुरले. "देवाच्या पुस्तकात आतडी मला मुळीच आवडली नाहीत. तसं तोंडावर सांगितलं आणि हरलो. हरल्यावर मागच्या दाराने यायची माझी रीत नाही."

मालकांच्या टेबलामागे एका वृद्धाची तसबीर होती. खाली काचेच्या कपाटात जुनं भाषांतर.

"माझे काका," मालक म्हणाले. "हे काम त्यांचं. मलाही त्यांनीच वाढवलं."

"मग तुम्हालाही ग्रीक येत असेल?"

"छे हो! ओ का ठो कळत नाही. आम्ही आपले शाईवाले."

"पण एका शब्दावरून एवढं रामायण?" भावोजींनी विचारलं.

"बाईंचा हट्ट, दुसरं काय! वाटसरू, राजा, बाप, ते दोन आंधळे... एकच क्रियापद कवटाळून बसल्या."

मुंगूसबाई गोड हसली. "सगळ्यांना इथेच बोलवा भावोजी. साप सापडला."

सगळे यंत्रापाशी जमले.

"संगणकाने एका फटक्यात बदल केला असता, तर कोंबड्याच्या गोष्टीतलं आतडंही गेलं असतं," ती म्हणाली. "ते राहिलं. आंधळ्यांच्या गोष्टीत आतडं नव्हतंच, तरी तिथे हात पडला. म्हणजे बदलणाऱ्याने मराठी शब्द शोधलाच नाही. समोर ग्रीक ठेवून तो एकेका क्रियापदापाशी थांबला. भाचीला ग्रीक येत नाही."

"पाद्रीबाबांना येतं!" भावोजी ओरडले. "मी आधीच म्हणालो होतो!"

"डोळ्यांना पट्टी बांधून, भावोजी? आणि तुम्ही काहीही म्हणाला नव्हता." ती वळली. "मालक, आंधळ्यांची गोष्ट त्या यादीत तुम्ही कशी घातलीत? मराठीत तिथे वेगळेच शब्द होते. तुमच्या काकांच्या भाषांतरात तिथे काहीच नाही. वाटसरू आणि ते आंधळे एका क्रियापदाने बांधलेत ते फक्त ग्रीकमध्ये. तुमच्याविरुद्ध साक्षीदार दोन, आणि दोघेही आंधळे."

मालक स्टूल ओढून बसले.

"काकांनीच शिकवलं," ते पुटपुटले. "येतं म्हटलं असतं तर समितीत बसवलं असतं. काकांच्या चुका रोज कोण ऐकणार? त्यांचं पुस्तक आता कपाटातच राहणार. वाटलं, त्यांचा एक शब्द तरी जगावा."

"आणि त्यासाठी माझ्या पोरीचा बळी?" बाई कडाडल्या.

"पोरी," पाद्रीबाबा म्हणाले, "मावशीचा शब्द परत घाल, आणि बापाची गोष्ट मला वाचून दाखव."

भाचीची बोटं कळफलकावर भराभर फिरली. मग तिने वाचलं, "मुलगा अजून लांब होता, तेवढ्यात बापाने त्याला पाहिलं. बापाचं आतडं पिळवटलं आणि तो धावत सुटला."

पाद्रीबाबांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "नुसती दया आलेला बाप दारातच उभा राहिला असता. धावेल तो हाच. मी हरलो तेच बरं झालं. छापा!"

मालक उठले आणि भाचीपुढे हात जोडून उभे राहिले. "चुकलो, पोरी. उद्या समितीला मी स्वतः सांगतो. आणि यंत्र तू सुरू कर."

"थांबा," पाद्रीबाबा म्हणाले. "उद्या समितीपुढे हिचं नाव जाणारच आहे. पण ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मावशीच्या नावाखाली. आधी ते जुळव, मग यंत्र."

भाचीने स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने जुळवलं. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या आणि खुशाल रडत होत्या. मग यंत्र धडधडू लागलं.

"स्प्लांखनिझोमाइ!" भावोजी एका दमात, बिनचूक म्हणाले. यंत्राच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही, तरी दिवसभर त्यांचा आनंद काही ओसरला नाही.