येत्स्त

हॅनोव्हरची नोव्हेंबरातली दुपार ही दुपार नसतेच. जेवण होऊन हात वाळतात न वाळतात तोच दिवे लागतात आणि ट्रामच्या तारांवर धुकं उतरतं. चौसष्ट सालच्या अशाच एका दुपारी वसुधा नदीकाठच्या त्या जुन्या घराशी आली, तेव्हा तिच्या डोक्यात फक्त बोट होती. प्रबंध संपला होता. शुक्रवारी जिनोआहून बोट, मग मुंबई, मग आई. या गावात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

जाता जाता हे काम गळ्यात पडलं. इंग्लंडहून टेलिव्हिजनवाले आले होते, खऱ्या माणसांच्या खऱ्या घटना नटांकडून करवून दाखवणारे. युद्धात इथं अडकलेल्या स्नेहलता नावाच्या मराठी विद्यार्थिनीची हकिगत ते करत होते. बॉम्ब पडले त्या रात्री ती आसऱ्याला म्हणून याच दारातून बाहेर पडली, ती कुणाला सापडलीच नाही. तिच्यासाठी त्यांना साडीतली पाठमोरी मुलगी हवी होती.

"काय वसुधाबाई, विलायतेच्या टीव्हीवर झळकणार!" सोबतीला आलेला श्रीपाद म्हणाला. तो तिच्याच प्रयोगशाळेत होता. "नुसती पाठ दिसली तरी ओळख ठेवा हं गरिबांची."

"गप रे. इथं कसला तरी जळका वास येतोय."

"कोळशाची शेगडी आहे, बाई. तुला काय, मांजर शिंकलं तरी दचकायचं."

दिग्दर्शकाला सगळं खरं हवं होतं. घर तेच, दार तेच. घरमालकीणही तीच. पिकल्या केसांच्या फ्राऊ लोरेंत्स दाराच्या आतल्या बोळात खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"बाहेर पडताना तुमच्या भाषेत 'मी जाते' एवढंच म्हणा," दिग्दर्शकानं सांगितलं.

झगझगीत दिवे लागले. वसुधानं कडी काढली, आणि लहानपणापासूनच्या वळणानं तोंडातून निघालं, "येते."

मागे खुर्ची करकरली. फ्राऊ लोरेंत्स उभ्या राहिल्या होत्या.

"हाच शब्द... ती हेच म्हणाली होती! मला वाटलं, येत्स्त म्हणतेय." येत्स्त म्हणजे जर्मनमध्ये 'आता'. "तेव्हापासून थंडी पडली की दाराबाहेरून ऐकू येतं. येत्स्त... येत्स्त... मी विचारते, आता काय? काय आता? उत्तर नाही."

इथं वसुधानं गप्प बसायला हवं होतं. पण म्हातारीचे डोळे बघवेनात. "आता नाही हो," ती म्हणाली. "येते म्हणजे परत येईन. दारातून निघताना आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत."

"मग घरातली माणसं काय म्हणतात?"

"म्हणतात, ये."

शब्द सुटला. उघड्या दारातून गार झुळूक आली, जळका वास घेऊन. कानाला हेडफोन लावलेल्या ध्वनिमुद्रकानं हात वर केला. "कोण आलं आत?"

कुणीच नव्हतं आलं. त्यानं फीत उलटी फिरवून लावली. वसुधाचं 'येते'. खुर्ची. म्हातारीचं बोलणं. 'ये'. मग उंबऱ्यावर बांगड्या किणकिणल्या आणि दमलेल्या बाईचा स्वर आला, "आले हं..."

"आवाज फार सुंदर," दिग्दर्शक खुशीत म्हणाला. "काय म्हणतेय ती?"

श्रीपादचा चेहरा पांढरा पडला होता. "वसुधा... हे तू?"

"नाही रे..."

"चल. आत्ताच्या आत्ता."

तो भराभर पायऱ्या उतरला. वसुधा उंबऱ्याशी थबकली. आज या दारात एक अक्षर बोलायचं नाही. शुक्रवारी बोट आहे. तिनं ओठ घट्ट मिटले आणि एक पाय बाहेर टाकला.

"अगं..." मागून अगदी जवळून, मायेनं रागावल्यासारखं कुणी म्हणालं, "अशी मुक्यानं निघू नये. येते म्हण."

तिनं वळून पाहिलं. फ्राऊ लोरेंत्स एकट्याच उभ्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.

वसुधानं दोन्ही तळवे तोंडावर दाबले. खाली श्रीपाद हाका मारत होता. बोट, आई, शुक्रवार... आणि तळव्यांखाली तिचे ओठ आपोआप हलू लागले.