रिले जोडेपर्यंत

सादिर-आकेंचा अ‍ॅम्प्लिफायर सोव्हिएत काळातला, दोन माणसांनी उचलावा असा. बिश्केकमध्ये असली धुडं दुरुस्त करणारी बाई मी एकटीच. शिकले ती जळकी मशिनं उघडून उघडून.

तक्रार साधी होती. आके समोरच्या खुर्चीत बसले, की प्रोटेक्शनचा रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, खट्‌ करून स्पीकरची जोडणी तोडायचा. उठले की जोडायचा. त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. दुपारी जेवायला माणसं येणार होती आणि त्या सगळ्यांत बसून आकेंना तिने वाजवलेल्या कोमुझची, त्या तीन तारांच्या वाद्याची, टेप ऐकायची होती.

“पोरी, माझंच काही बिघडलंय का गं?”

“तुमचं नाही, आके. हा रिले माझ्या नवऱ्यापेक्षा भित्रा आहे.”

स्वयंपाकघरातून त्यांची लेक आयचुरेक ओरडली, “एजे, नवऱ्याला नंतर नावं ठेवा! माझे बोरसोक तळून होत आले!”

स्पीकरकडे डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, गेला तर त्याचा पडदा एकीकडे ढकलला जातो आणि मागची कॉइल जळते, म्हणून रिले जोडणी तोडतो. मी मीटर लावला. आके बसले. काटा हळूच चढला, उतरला, पुन्हा चढला. टेप तर बंद होती. कपॅसिटर म्हातारे झाले असतील, म्हटलं. आणि एक रेझिस्टर बदलून रिलेला जरा निबर केलं.

आके पुन्हा बसले. रिलेने जोडणी तोडली नाही.

डाव्या स्पीकरचा पडदा पुढे आला. थांबला. मागे गेला. आवाज काहीच नाही. आकेंची छाती त्याच्याबरोबर वरखाली होत होती.

मी घाबरून प्लग उपटला.

पडदा आत ओढलेला तसाच राहिला. आकेही तसेच. डोळे उघडे, तोंड उघडं.

“बाबा?” आयचुरेकच्या हातातली परात पडली. “एजे, काय केलंत? काय केलंत हो?”

प्लग परत खुपसला. दिवा लागला. पण चालू केल्या केल्या रिले जोडत नाही. आतलं सगळं स्थिरावेपर्यंत वाट बघतो. तेही प्रोटेक्शनच. त्याला मी हात लावला नव्हता.

आकेंचे ओठ काळेनिळे पडले. आयचुरेक त्यांना गदागदा हलवत होती.

रिले वाट बघत होता.

खट्‌.

पडदा पुढे आला. आकेंनी श्वास घेतला.

“टेप लाव की गं,” ते म्हणाले. “माणसं येतील.”

मी प्लग भिंतीत दाबूनच धरला होता. उजव्या स्पीकरचा पडदाही हलायला लागला होता. आकेंपेक्षा भरभर, धाप लागल्यासारखा.

तोही थांबतो का, हे माझा श्वास रोखून बघायचं मला धाडस झालं नाही.