गुरुवारचा हट्ट

कागद गेला भलत्याच प्रिंटरला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

तिने बटण दाबलं होतं हिशेबनिसांच्या टेबलावरून. कागद मात्र बाहेर पडला काचेपलीकडच्या खोलीत, जिथे डायलिसिसची यंत्रं एका ओळीत उभी असतात आणि स्पिरिटचा वास कायम नाकात भरतो. ती धावत पोचेपर्यंत कागद एका ताडमाड उंच तंत्रज्ञाच्या हातात गेलेला होता. मास्कच्या वरचे त्याचे डोळे बारीक झाले होते.

"मंगळवार सकाळ, सिस्टर – उणे तीन," त्याने मोठ्याने वाचलं. "म्हणजे तीन सिस्टर येऊन झालेलं काम बिघडवून जाणार का?"

"ते... ते कच्चं आहे. द्या इकडे."

"नाही, पण त्या तिघींना जेवणाची सुट्टी असणार की नाही? की त्याही वेळात त्या उलट्या जेवणार?"

पलंगावरचे दोन पेशंट खुदकन हसले. तिचे कान तापले. चूक अगदी बाळबोध होती हो! कमीत कमी माणसांत काम भागव, असं तिने संगणकाला सांगितलं होतं. पण माणसं शून्याच्या खाली जात नाहीत, हे सांगायचं राहिलं. आता संगणक म्हणजे आज्ञाधारक, पण अकलेच्या नावाने आनंदीआनंद. कमीत कमी म्हणालात ना? घ्या, उणे तीन.

त्या दिवसापासून तो तिला 'उणेतीन' म्हणायला लागला. त्याला सगळं सेंटर जिराफ म्हणत असे. तीही मनातल्या मनात तेच म्हणू लागली. आणि मनातल्या मनात जरा जास्तच वेळा म्हणू लागली, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

काम तसं जिवावरचं होतं. सेंटरची दोन यंत्रं दुरुस्तीला जाणार होती, पेशंट होते तेवढेच राहणार होते. आठवड्यातून तीनदा ज्याचं रक्त यंत्रातून गाळून घ्यावं लागतं, त्याला "या आठवड्यात जमवून घ्या" म्हणता येत नाही. म्हणून संध्याकाळची नवी पाळी सुरू करायची ठरली. कोण पेशंट कधी, कुठल्या यंत्रावर, कोण कर्मचारी कधी, हे सगळं गणितात मांडून संगणकाकडून सोडवून घ्यायचं आणि वेळापत्रक काढायचं, यासाठी कंपनीने तिला पाठवलं होतं. गुरुवारी हिशेबनीस लवकर घरी जात, त्यांचं टेबल मोकळं होई. म्हणून गुरुवारची संध्याकाळ तिची.

ती स्वभावाने काळजीखोर. तिची ताई म्हणायची, "तुला काळजी करायला काही उरलं नाही ना, तर तू त्याचीच काळजी करशील." खोटं नव्हतं. एक अट चुकली, तर कुणीतरी पेशंट पिशवी घेऊन दारात येईल आणि त्याच्यासाठी यंत्रच नसेल, या विचाराने ती रात्री उठून अटी पुन्हा तपासायची. आणि त्यात हा जिराफ! सकाळची ड्यूटी संपली तरी घरी जायचा नाही. काचेवर टिकटिक करून आत यायचा.

"काय म्हणतंय तुमचं गणित?"

"म्हणतंय, अर्धा जिराफ सकाळी पाठवा, अर्धा संध्याकाळी."

"कुठला अर्धा? मान की पाय?"

तिला हसू आवरेना. "माणूस अख्खा लागतो, हे सांगितलं नव्हतं त्याला."

"हेही सांगावं लागतं?"

"सगळं सांगावं लागतं. आपणहून काही कळत नाही त्याला."

"मग माझ्यासारखंच आहे," तो म्हणाला, आणि उगाचच स्टेपलर उचलून खाली ठेवला. तिने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर काय होतं ते मात्र तिला दिसलं नाही.

जाता जाता दारात थांबून म्हणाला, "समोर ते कॉफीचं दुकान आहे ना, चांगलं आहे म्हणतात. मी काही अजून गेलेलो नाही. म्हणजे... एकट्याने काय जायचं?"

"हं," ती म्हणाली. बघा! एवढी शिकलेली मुलगी, आणि तोंडातून निघालं काय, तर हं!

तो गेल्यावर मात्र तिच्या बोटांना धीर आला. तिने एक ओळ टाइप केली – जिराफ, गुरुवार संध्याकाळ, सुट्टी. फक्त बघावं म्हणून. नव्या वेळापत्रकात त्याची गुरुवारची संध्याकाळ मोकळी असली, तर तिचं काम आटोपल्यावर दोघं एकदमच बाहेर पडतील... एवढंच. संगणकाने कुरकुर न करता उत्तर दिलं. ते उत्तर ती पुष्कळ वेळ बघत बसली.

खरं तर घातलेल्या प्रत्येक अटीला नाव द्यायचं असतं, म्हणजे पुढे घोळ झाला तर ती सापडते. कंपनीतल्या नव्या पोरांना हे ती घसा कोरडा करून सांगायची. पण या अटीला नाव काय देणार? तिने तशीच ठेवली, बिननावाची. उद्या काढून टाकू म्हणाली, आणि विसरली.

शेवटचा दिवस उजाडला. सोमवारपासून नवी पाळी. आज संध्याकाळपर्यंत वेळापत्रक लागलं नाही, तर काही पेशंटना गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागणार होतं. त्यातल्या कित्येकांना जिना उतरतानाही धाप लागायची.

इन्चार्ज सिस्टर भली बाई, पण तोंडाची फटकळ. तिने कर्मचाऱ्यांना एक सवलत दिली होती. "प्रत्येकाचा एक हट्ट चालेल. एकच! तो गणितात पक्का बसवायचा. बाकी जे येईल ते मुकाट्याने घ्यायचं." कुणाच्या मुलाची शाळा, कुणाच्या सासूबाईंचं औषधपाणी... सकाळी सगळ्यांनी आपापले हट्ट मोबाइलवरून भरले, आणि ते थेट संगणकातल्या गणितात जाऊन बसले.

तिने बटण दाबलं. संगणक क्षणभर विचारात पडला, आणि म्हणाला – उत्तर नाही.

काल चालत होतं! तिच्या तोंडचं पाणी पळालं.

हे 'उत्तर नाही' फार वाईट. गणित चुकलं तर निदान चुकीचं उत्तर येतं, ते बघून चूक शोधता येते. इथे समोर काहीच नाही. कुठल्यातरी अटी एकमेकींच्या उरावर बसल्यात, एवढंच कळतं. कुठल्या ते तुमचं तुम्ही शोधा.

"झालं का?" सिस्टरने दारातून विचारलं.

"होतंय."

"कधी? पेशंटचे फोन येतायत."

तिने आधी आकडे तपासले. कुठे तासांच्या जागी मिनिटं तर पडली नाहीत? नाही. यंत्रं किती ते बरोबर. मग तिने अटी काढून बघायला सुरुवात केली. पेशंटच्या सगळ्या अटी बाजूला ठेवल्या... तरी उत्तर नाही. यंत्रांच्या काढल्या... तरी नाही. म्हणजे भांडण माणसांच्या अटींत होतं. त्यातल्या निम्म्या काढल्या, पुन्हा चालवलं. उरलेल्यांतल्या निम्म्या, पुन्हा. काचेपलीकडे जिराफ एका आजींच्या हाताला पट्टी बांधत होता. त्याने मान वर करून भुवया उडवल्या – काय झालं? तिने नुसतीच मान हलवली.

शेवटी दोनच ओळी उरल्या.

एक तिची, बिननावाची. जिराफ, गुरुवार संध्याकाळ, सुट्टी.

दुसरी त्याची. जिराफ, गुरुवार संध्याकाळ, ड्यूटी हवीच. हट्ट.

तिच्या काळजात धस्स झालं. चूक सापडली, ते एक झालं. पण त्याला आयुष्यात एकच हट्ट धरायची संधी मिळाली, आणि त्याने काय मागितलं? तर गुरुवारची संध्याकाळ कामात जाऊ दे! म्हणजे ते कॉफीचं दुकान आपलं बोलायला बोललेलं. लोक बोलतात तसं. आणि आपण वेड्यासारख्या... तिला रडू यायला लागलं, आणि आपल्याला रडू येतंय याचा रागही यायला लागला.

"काय ते एकदाचं सांगा," सिस्टर टेबलाशी येऊन उभी राहिली. मागोमाग हातमोजे काढत जिराफही आला. "कुणाचा हट्ट आडवा येतोय? नाव सांगा, मी बघते त्याच्याकडे."

आता बघा, किती सोपं होतं! 'याचा हट्ट आडवा येतोय' म्हणायचं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. सिस्टरने त्याला चार शब्द सुनावले असते, त्याचा हट्ट खोडला असता, आणि तिची बिननावाची अट कुणाला कळलीही नसती. गुरुवारी त्याला सुट्टी मिळाली असती, आणि तिचा अपमान तिच्यापाशीच राहिला असता. तोंड उघडलंसुद्धा तिने तसं म्हणायला. पण माणसांनी एकेकच गोष्ट मागितली होती, आणि ती मोडायचा तिला काय हक्क?

"हट्ट नाही कुणाचा," ती म्हणाली. "माझी अट आहे एक. मी घातली होती. घालायला नको होती."

"तुमची? तुम्ही कुठे इथे ड्यूटी करता?"

"माझ्यासाठी नाही. ह्यांच्यासाठी. ह्यांना गुरुवारी संध्याकाळी सुट्टी... असं घातलं होतं मी."

सिस्टरने आधी तिच्याकडे बघितलं, मग मान उंच करून त्याच्याकडे, मग परत तिच्याकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. मग घसा साफ केला. "काढा ती आणि चालवा."

हिने आपली ओळ पुसली, बाकीच्या सगळ्या अटी जागच्या जागी आणल्या आणि बटण दाबलं. उत्तर आलं. पेशंट सगळे बसले, एकालाही गावाबाहेर जावं लागणार नव्हतं. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. ती यादी घेऊन फोनकडे पळाली आणि घरोघर वेळा कळवायला लागली.

ही आपली बॅग भरायला लागली. चार्जर गुंडाळायचा होता, पण तो काही केल्या गुंडाळला जाईना.

"उणेतीन," तो म्हणाला.

"सॉरी. विचारायला हवं होतं तुम्हाला. तुम्हाला गुरुवारी काम हवं होतं, मी उगाचच—"

"काम कुणाला हवंय?"

"तुम्हीच मागितलं! एकच हट्ट होता, तो तुम्ही..."

"अहो, गुरुवारी संध्याकाळी तुम्ही असता इथे." त्याने मास्क खाली ओढला. मास्कखाली त्याचे गाल लाल झाले होते. "मी सकाळच्या पाळीचा माणूस. दर गुरुवारी उगाच थांबायचो. सिस्टर विचारायची, काय रे, घर नाही का तुला? दर वेळी नवीन काय सांगणार? म्हटलं, ड्यूटीच मागून घेऊ. ड्यूटी असली की निमित्त लागत नाही."

तिने चार्जर तसाच टेबलावर ठेवला.

"आणि मी सुट्टी घातली," ती हळूच म्हणाली, "कॉफीसाठी."

"मग तेव्हा नुसतं 'हं' का म्हणालीस?"

"तू तरी कुठे सरळ विचारलंस?"

दोघंही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा पडला. "पण आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही, काम संपलं माझं. वेळापत्रक लागलं. पुढच्या गुरुवारपासून मी येणारच नाही."

"आणि मी असणार. दर गुरुवारी. रात्र पडेपर्यंत." तो टेबलाला टेकला. "काय हुशार माणूस आहे मी! बदलता येईल का गं ते?"

काय वाटलं असेल तिला? बोटं पुन्हा शिवशिवली. एक ओळ तर होती. पण पलीकडून सिस्टरचा आवाज येत होता – हो आजोबा, गुरुवारीच, संध्याकाळी, नक्की. हो, जिराफच असेल, तोच सुई लावेल, घाबरू नका.

"नाही," ती म्हणाली. "नको. त्यांना फोन गेलाय."

"हं," तो म्हणाला.

तिने बॅगेची चेन लावली. चुकीचं काहीतरी बोलून बसू, ही भीती तिला जन्मभर होती. आणि आता अगदी बरोबर असलेलं बोलायचं होतं, तर ती भीती दुप्पट झाली होती.

"मी येईन," ती म्हणाली. "गुरुवारी."

"काम संपलं ना?"

"संपलं."

"मग सिस्टरला काय सांगशील?"

"तुला बघायला आले म्हणून सांगेन."

आतलं एक यंत्र केकाटायला लागलं, "जिराफ!" म्हणून सिस्टरची हाक आली, आणि तो तिच्याकडे बघत बघत उलटा चालत निघाला, तो थेट काचेच्या दारावर आपटला.

"लागलं का?" ती ओरडली.

"नाही," तो डोकं चोळत म्हणाला. लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. "तू ये मात्र."